मदत की काम?

मैत्रिणींनो,

आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर कित्येक वर्षं एक पोस्टर लावलेलं आहे. पिवळ्या रंगावर निळा सदरा घातलेली, डोक्याला लाल रुमाल बांधलेली, बाही वर सारून दंड दाखवणारी एक तरुण बाई. ‘आपण हे करू शकतो’ असं तिच्या डोक्यावर इंग्रजीत लिहिलंय. आठ मार्चच्या कितीतरी पत्रकांवर आपण तिला छापलं, मोर्च्यात काठीला बांधून मिरवलं. मागच्या अभ्यास-बैठकीत एका नव्या कार्यकर्तीनं मला विचारलं, “ताई, ही बाई कोण?” मी ठोकून दिलं, “अगं, ही रोझी. दुसऱ्या महायुद्धात हिचं पोस्टर बघून अमेरिकेतल्या लाखो बायका कारखान्यात कामाला गेल्या.” तिनं ते वहीत लिहून घेतलं. घरी गेल्यावर मला चुटपुट लागली. आपल्याला हे नक्की कुठून माहीत? म्हणून शोधायला बसले, आणि कळलं की मी सांगितलेलं जवळजवळ सगळंच चूक होतं.

हे पोस्टर जे. हॉवर्ड मिलर या चित्रकारानं वेस्टिंगहाउस कंपनीसाठी काढलं. १९४३ च्या फेब्रुवारीत ते कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यांत साधारण दोन आठवडे लावलं होतं. बाहेरच्या लाखो बायकांनी ते तेव्हा पाहिलंच नाही. ते नव्या बायकांना बोलावण्यासाठीही नव्हतं. आधीच कामावर असलेल्यांनी हजर राहावं, उत्पादन वाढवावं, कुरकुर करू नये यासाठी कंपनीनं लावलेल्या फलकांपैकी ते एक होतं. चित्रावर ‘रोझी’ हे नाव कुठेही नाही. ते नाव त्याच सुमाराच्या एका लोकप्रिय गाण्यातलं. नॉर्मन रॉकवेलनं २९ मे १९४३ च्या ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’च्या मुखपृष्ठावर जी रोझी रंगवली ती वेगळी. मिलरचं पोस्टर नंतर विसरलं गेलं आणि १९८० नंतर स्त्री-चळवळीनं ते पुन्हा उचललं. म्हणजे आपण मालकाचं पोस्टर घेऊन त्याला आपला अर्थ दिला. त्यात वाईट काही नाही. पण ते माहीत असायला हवं.

तिची ओळख हा आणखी एक घोळ. १९४२ साली कॅलिफोर्नियातल्या अलामेडा इथल्या नौदलाच्या विमानतळावर यंत्रावर वाकून काम करणाऱ्या, डोक्याला ठिपक्यांचा रुमाल बांधलेल्या एका तरुणीचं छायाचित्र वर्तमानपत्रांत आलं होतं. हेच चित्रकारासमोर होतं असा पक्का पुरावा नाही, पण पोस्टरशी त्याचं नातं जोडलं जातं. त्या छायाचित्राखाली कितीतरी वर्षं जेराल्डीन डॉयल हे नाव छापलं जात होतं. डॉयलबाईंनाही प्रामाणिकपणे ते आपलंच वाटलं होतं. २०११ मध्ये नाओमी पार्कर फ्रेली नावाच्या वृद्ध बाईंनी एका प्रदर्शनात स्वतःचं छायाचित्र दुसरीच्या नावानं लावलेलं पाहिलं. त्यांनी तक्रार केली, पण लगेच काही कुणी ऐकलं नाही. शेवटी जेम्स किंबल या अभ्यासकाला मूळ प्रत सापडली. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर नाव, गाव, तारीख, सगळं होतं. २०१६ मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं. २०१८ मध्ये नाओमीबाई वारल्या. सत्तरहून अधिक वर्षांनी त्यांचं नाव त्यांना परत मिळालं, आणि तेही केवळ कुणीतरी छायाचित्राला एक चिठ्ठी डकवून ठेवली होती म्हणून.

तेव्हापासून मी अमेरिकेच्या युद्धांतल्या बायकांबद्दल वाचत सुटले. वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर आली. बायकांनी काय केलं हे लपून राहिलेलं नाही. प्रश्न आहे तो त्यांनी केलं त्याला नाव काय दिलं गेलं याचा. पुरुषानं केली ती सेवा, बाईनं केली ती मदत. सेवेला हुद्दा असतो, पगार असतो, निवृत्तिवेतन असतं. मदतीला आभाराचे दोन शब्द पुरतात.

अगदी सुरुवातीपासून पाहा. १६ नोव्हेंबर १७७६. न्यूयॉर्कजवळच्या फोर्ट वॉशिंग्टनवर इंग्रज फौजेचा हल्ला झाला. मार्गारेट कॉर्बिनचा नवरा तोफेपाशीच मारला गेला आणि त्याच्या जागी उभं राहून तिनं तोफ चालवली. ती जबर जखमी झाली, एक हात कायमचा निकामी झाला. १७७९ मध्ये काँग्रेसनं तिला निवृत्तिवेतन मंजूर केलं. किती? सैनिकाच्या पगाराच्या निम्मं. तोफ अर्धी चालवली नव्हती, हात अर्धा गेला नव्हता, पण पैसे अर्धे. पुढची गोष्ट ऐका. १९२६ साली तिचे म्हणून जे अवशेष वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत समारंभानं पुरले, ते २०१६ मध्ये बांधकामाच्या वेळी उघडे पडले. तपासणीत ते एका पुरुषाचे निघाले! नव्वद वर्षं लोक त्या दगडापुढे तिला मानवंदना देत होते. ती स्वतः कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही.

हॅरिएट टबमन हे नाव तुमच्यापैकी अनेकींना माहीत असेल. गुलामीत जन्मलेली, स्वतः पळून सुटलेली आणि परतपरत जाऊन इतरांना सोडवून आणणारी. यादवी युद्धात ती उत्तरेच्या सैन्यासाठी स्वयंपाक करत होती, आजाऱ्यांची शुश्रूषा करत होती, हेरगिरी करत होती, वाट दाखवत होती. २ जून १८६३ च्या कंबाही नदीवरच्या मोहिमेत तिनं हेरून आणलेल्या माहितीवर नौका आत गेल्या आणि सातशेहून जास्त गुलाम माणसं मोकळी झाली. युद्ध संपलं आणि टबमन पैशासाठी सरकारदरबारी अर्ज करत राहिली. तीस वर्षांनी, १८९५ मध्ये, तिला दरमहा आठ डॉलर मंजूर झाले, ते मृत सैनिकाची विधवा म्हणून. १८९९ मध्ये त्यांचे वीस झाले, तेव्हा वाढीव बारा डॉलर परिचारिका म्हणून धरले गेले. हेर आणि वाटाडी म्हणून केलेल्या कामाचे शून्य. विधवा आणि शुश्रूषा करणारी, ही दोन रूपं सरकारी रकान्यात बसत होती. मोहिमेच्या पुढे चालणारी कृष्णवर्णीय बाई कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी मेरीलँड राज्याच्या नॅशनल गार्डनं तिला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल केलं. तिला जाऊन तेव्हा एकशे अकरा वर्षं झाली होती.

कायद्यातला एक शब्द काय करू शकतो ते पहिल्या महायुद्धात फार स्पष्ट दिसतं. १९१७ मध्ये नौदलाला कारकुनांची निकड होती. राखीव नौदलाच्या १९१६ च्या कायद्यात भरतीसाठी ‘व्यक्ती’ असा शब्द होता, ‘पुरुष’ असा नव्हता. त्या फटीतून अकरा हजारांवर बायका नौदलात शिरल्या. त्यांना त्याच हुद्द्याच्या पुरुषाइतका पगार मिळाला, युद्धानंतर माजी सैनिकांचे हक्क मिळाले. त्याच युद्धात भूदलानं फ्रान्समध्ये दूरध्वनी जोडण्यासाठी फ्रेंच जाणणाऱ्या बायका मागवल्या. २२३ जणी समुद्र ओलांडून गेल्या. त्यांनी शपथ घेतली होती, गणवेश घातला होता, लष्करी शिस्त त्यांना लागू होती. काहींनी आघाडीजवळ तोफांच्या आवाजात हुकमाचे संदेश जोडून दिले, दोघी तिकडेच आजारानं वारल्या. परत आल्यावर सेवामुक्तीचं पत्र मागितलं, तर सांगण्यात आलं की तुम्ही सैनिक नव्हताच, कंत्राटी नागरिक होता. त्यांच्यातली मर्ल ईगन अँडरसन त्यानंतर जवळपास साठ वर्षं झगडली. १९७७ मध्ये कायदा झाला तेव्हा तिच्या बहुतेक सहकारणी या जगात नव्हत्या.

मग नौदलाचं उदाहरण बघून बाकीचे शहाणे झाले का? छे! १९२५ मध्ये नौदलानंच कायदा दुरुस्त करून घेतला आणि ‘व्यक्ती’च्या जागी ‘पुरुष नागरिक’ असा शब्द घातला. फट बुजवली. आपलं काम झालं, आता दार लावा.

दुसऱ्या महायुद्धात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. साडेतीन लाखांच्या आसपास बायका गणवेशात होत्या. काहींचं काम मात्र गणवेशातलं असूनही मोजलं गेलं नाही. ‘वास्प’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या विमानचालक बायका घ्या. पंचवीस हजार जणींनी अर्ज केले, १,०७४ जणी प्रशिक्षण पुरं करून उडाल्या. नवी विमानं कारखान्यातून तळावर पोचवायची, दुरुस्त झालेली विमानं तपासायची, तोफांच्या सरावासाठी मागे कापडी लक्ष्य बांधून उडायचं, अशी त्यांची कामं. ३८ जणी मेल्या. त्या नागरिक धरल्या जात, म्हणून शव घरी पाठवायला सरकारचा पैसा नाही, पेटीवर राष्ट्रध्वज नाही. मैत्रिणी वर्गणी काढत. १९४४ मध्ये त्यांना सैन्यात घेण्याचं विधेयक आलं, तेव्हा आपल्या नोकऱ्या जातील म्हणून पुरुष वैमानिकांनी विरोध केला. विधेयक पडलं आणि २० डिसेंबर १९४४ रोजी पथकच बरखास्त झालं. परतलेल्या सैनिकांना त्याच वर्षीच्या कायद्यानं शिक्षणाचा खर्च मिळाला, घरासाठी कर्जाची हमी मिळाली. या बायकांना त्यातलं काही नाही. शब्दाची लढाई ही नुसती मानाची लढाई नसते हे इथं कळतं. त्या एका शब्दावर घर उभं राहतं किंवा राहत नाही. त्यांना माजी सैनिक ठरवणारा कायदा १९७७ मध्ये झाला. एवढं होऊनही त्यांच्यातल्या एलेन हार्मन २०१५ मध्ये वारल्या, तेव्हा आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्या अस्थींना जागा नाकारली गेली. मुलीनातींनी मोहीम चालवली, २०१६ मध्ये पुन्हा एक कायदा करावा लागला, मग जागा मिळाली.

सगळ्या बायकांना युद्ध सारखंच भेटलं असंही नाही, आणि हे आपण विसरता कामा नये. गोऱ्या मध्यमवर्गीय बाईसाठी कारखाना म्हणजे स्वतःच्या घराबाहेर पडलेलं पाऊल होतं. कृष्णवर्णीय बाईसाठी ते बहुधा दुसरीच्या घरातल्या धुण्याभांड्यांतून बाहेर पडलेलं पाऊल होतं. सैन्यात तर पथकंच वेगळी. मेजर चॅरिटी अॅडम्स यांच्या हाताखालचं ८५५ कृष्णवर्णीय बायकांचं टपाल पथक १९४५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला पोचलं. तिथं सैनिकांची सुमारे १ कोटी ७० लाख पत्रं आणि पुडकी पडून होती. थंड, अंधाऱ्या गुदामांत, पुडक्यांतल्या खाऊवर उंदीर लागलेले, एकाच नावाचे हजारो सैनिक. तीन पाळ्यांत काम करून सहा महिन्यांचा ढीग त्यांनी तीन महिन्यांत उपसला. काँग्रेसचं सुवर्णपदक त्यांना देण्याचा कायदा २०२२ मध्ये झाला. आणि त्याच काळात जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना, त्यांतल्या बहुतेकांचा जन्म अमेरिकेतला असूनही, काटेरी कुंपणाआड टाकलं होतं. मित्सुये एंडो ही बावीस वर्षांची सरकारी कारकून त्यांतली एक. तिनं न्यायालयात अर्ज केला. खटला मागे घेतला जावा म्हणून सरकारनं तिला एकटीला सोडायची तयारी दाखवली. तिनं नकार दिला आणि छावणीतच राहिली, कारण ती सुटली असती तर खटला बुडाला असता. १८ डिसेंबर १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तिच्या बाजूनं निकाल दिला. माझ्या लेखी ही युद्धकाळातली फार मोठी लढाई आहे. तिच्या हातात बंदूक नव्हती एवढंच.

आता तुमच्यापैकी काहीजणी विचारतील, आणि विचारायलाच हवं, की आपण युद्धाच्या विरोधात आहोत ना? मग सैन्यात मान मिळाला नाही म्हणून हळहळायचं कशाला? मलाही हा प्रश्न सलत राहिला. उत्तर शोधताना मी जेनेट रँकिनपाशी येऊन थांबले. मोंटाना राज्यातून १९१६ मध्ये निवडून आलेली, अमेरिकी काँग्रेसमधली ही पहिली बाई. देशभरातल्या बायकांना मताचा हक्क अजून मिळायचा होता. ६ एप्रिल १९१७ रोजी युद्धात उतरण्याच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या पन्नास जणांत ती होती. ८ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ३८८ विरुद्ध १ असं मतदान झालं. तो १ म्हणजे रँकिन. जमावाच्या संतापामुळे तिला दूरध्वनीच्या खोक्यात दडून बसावं लागलं. गांधींच्या विचारांच्या ओढीनं ती पुढे सात वेळा भारतात आली. १५ जानेवारी १९६८ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो बायकांचा मोर्चा घेऊन ती वॉशिंग्टनला गेली. नोंद ठेवायची ती हिचीही. उडणाऱ्या बाईची आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईचीही. इतिहासाच्या पुस्तकानं दोघींनाही कोपऱ्यात बसवलं आहे.

आणि दुसरं कारण आहे, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. युद्धाला बाईची गरज लागली तेव्हा काय काय शक्य झालं ते पाहा. १९४३ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारनं पाळणाघरांना पैसा दिला. तीन हजारांवर केंद्रं चालली, साडेपाच लाखांच्या आसपास मुलं तिथं राहिली, आईला दिवसाला पन्नास-पंचाहत्तर सेंट पडत. पोर्टलंडला कैसरच्या जहाज-कारखान्यात चोवीस तास चालणारी पाळणाघरं होती. पाळी संपवून निघताना आई तिथून शिजवलेलं जेवण घरी घेऊन जाऊ शकत होती! बायकांना समान वेतन देण्यासाठी पगार वाढवायची मोकळीक १९४२ मध्ये मालकांना मिळाली. सगळ्यांनी ती वापरली नाही, पण तत्त्व मान्य झालं. मग युद्ध संपलं. सरकारच्याच महिला विभागानं केलेल्या पाहणीत सुमारे ७५ टक्के नोकरदार बायकांनी आम्हाला काम चालूच ठेवायचंय असं सांगितलं होतं. ते बाजूला ठेवून त्यांना घरी पाठवलं गेलं आणि १९४६ मध्ये पाळणाघरांचा केंद्राचा पैसा बंद झाला. कॅलिफोर्नियात मात्र आयांनी रेटा लावून धरला, म्हणून तिथली केंद्रं राज्याच्या पैशावर चालू राहिली. १९७१ मध्ये देशभर बालसंगोपनाची सोय करणारं विधेयक काँग्रेसनं मंजूर केलं, तर अध्यक्ष निक्सन यांनी ते नाकारलं. पैसा नाही, जमणार नाही, मुलांना आईच लागते, ही सगळी कारणं १९४३ मध्ये कुठे गेली होती? सोय होऊ शकते की नाही हा प्रश्नच नसतो. ती कुणाच्या गरजेसाठी करायची हा असतो. हे जिला कळलं, ती युद्धाचं गुणगान करणार नाही. शांततेच्या काळात तीच सोय हक्कानं मागेल.

आपल्याकडे अंगणवाडी सेविकेला मिळतं ते ‘वेतन’ नसून ‘मानधन’ असतं, आशाताई कागदोपत्री ‘स्वयंसेविका’ असते. त्यांच्याबरोबर मोर्च्यात चाललेल्या तुम्हाला मर्ल अँडरसनची गोष्ट नव्यानं समजावून सांगायची गरज नाही. एवढंच म्हणेन की निवेदन लिहिताना, करार वाचताना, शासनाचा निर्णय हातात आला की आधी शब्द बघा. ‘व्यक्ती’ लिहिलंय का ‘पुरुष’, ‘काम’ लिहिलंय का ‘मदत’. आणि घरातही. ‘ती शेतात मदत करते’ असं कुणी म्हणालं की तिथंच थांबवून विचारा, किती तास?

दुसरं काम तर आजच करता येईल. आपल्या कपाटात मोर्च्यांची, शिबिरांची, परिषदांची शेकडो छायाचित्रं पडलेली आहेत. पुढच्या रांगेतल्या चार जणींची नावं आपल्याला पाठ आहेत. मागे सतरंज्या घालणाऱ्या, भाकरी बांधून आणणाऱ्या, रात्रभर फलक रंगवणाऱ्या कोण होत्या? त्यांतल्या काही आता राहिल्या नाहीत, काही फार थकल्या आहेत. प्रत्येक गटानं एक दुपार काढावी, म्हाताऱ्या मैत्रिणींना बोलवावं, आणि छायाचित्राच्या मागे पेन्सिलीनं नाव, गाव, तारीख लिहावी. जिचं नाव कुणालाच आठवत नाही तिच्यासाठी जागा मोकळी ठेवावी, पण ती जागा आहे हे दिसू द्यावं.

पुढच्या बैठकीत मी त्या मुलीला माझी चूक सांगितली. तिनं वहीतली ओळ खोडली आणि नव्यानं लिहून घेतली. मग तिनंच एक चिठ्ठी तयार करून पोस्टरखाली चिकटवली. तिच्यावर कंपनीचं नाव आहे, साल आहे, आणि नाओमी पार्कर हे नाव आहे, ‘बहुधा’ या शब्दासकट. पोस्टर आम्ही काढलेलं नाही.

तुमच्या गटातल्या छायाचित्रांचं काय झालं ते जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवते आहे.

तुमची,
संपादक